बुजवलेल्या कमानी

(द्वितीय वर्ष, कला)

वॉरम पर्सी हे नाव गेल्या ऑगस्टपर्यंत मी ऐकलेलेसुद्धा नव्हते. आज मात्र कोणी विचारले, की तुझ्या ओळखीची गावे कोणती, तर आमच्या माण तालुक्यातल्या चार गावांच्या जोडीला हे नावही माझ्या तोंडी येईल. गंमत अशी, की ते गाव मी पाहिलेले नाही. आणि उद्या कोणी मला तिथे नेऊन उभे केले, तरी तिथे गाव दिसणार नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशर परगण्यात, माल्टन नावाच्या बाजाराच्या गावापासून काही मैलांवर खडूच्या पांढऱ्या दगडाच्या टेकड्या आहेत. त्या टेकड्यांत एक अरुंद दरी आहे. दरीत ओढा, ओढ्याकाठी छप्पर नसलेले एक पडके चर्च, आणि वरच्या सपाटीवर गवताखाली दडलेल्या उंचवट्यांच्या रांगा. एवढेच काय ते वॉरम पर्सी.

त्या गावाची आणि माझी गाठ पडली ती सेमिनारमुळे. इतिहासाच्या बाईंनी हजेरीपटाच्या क्रमाने विषय वाटले आणि माझ्या वाट्याला आला तो 'इंग्लंडमधील कुंपणबंदी आणि लोकरीचा व्यापार'. विषय ऐकला मात्र, माझ्या पोटात गोळा आला. त्याचे कारण तेव्हा मी कोणालाच सांगितले नाही. आज सांगतो.

आम्ही मेंढ्या राखणारे. दिवाळी झाली, की आमचा वाडा घाटाकडे निघतो आणि पावसाळा तोंडावर आला, की परत फिरतो. वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे, बरे का! चार-पाच बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, सामान वाहणारी घोडी आणि कुत्री, या सगळ्या लवाजम्याला आमच्यात वाडा म्हणतात. माझे बालपण निम्मे वाड्यावर आणि निम्मे आजीपाशी गावी गेले. आजीने हट्टाने मला शाळेत ठेवले, म्हणून मी इथवर आलो. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. पण पहिल्या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी माझे पेन थबकले. रांगेत मागे मुले उभी होती. मी घाईघाईने लिहिले, 'शेती'. खोटे तरी कसे म्हणावे? आम्हाला दीड एकर कोरडवाहू आहे. पण ते खरेही नव्हते. आणि आता साऱ्या वर्गापुढे मला मेंढ्या आणि लोकर यांवर बोलायचे होते!

ग्रंथालयात इंग्लंडच्या मध्ययुगावरचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते चाळू लागलो. एका पानावर विमानातून घेतलेले एक छायाचित्र होते. तिरप्या उन्हात गवतावर चौकोनी सावल्या पडल्या होत्या आणि कोपऱ्यात एक मोडके चर्च होते. खाली नाव होते, वॉरम पर्सी. त्या सावल्यांचा आकार माझ्या ओळखीचा होता. घरे पडली, माती वाहून गेली, तरी जोत्यांच्या जागी जमीन जरा वर राहते. उन्हाळ्यात आमच्याकडच्या ओसाड पांढरीवर असेच दिसते. त्या पानावरून मी पुढे जाऊ शकलो नाही.

हळूहळू गावाची कुळकथा उलगडत गेली. १०८६ साली विल्यम राजाने साऱ्या इंग्लंडची जी मोजदाद करवली, त्या 'डूम्सडे बुक'मध्ये वॉरमची नोंद आहे. पुढे पर्सी घराणे तिथले जमीनदार झाले आणि त्यांचे नाव गावाला चिकटले. वरच्या सपाटीवर कुळांची घरे रांगेने उभी राहिली. प्रत्येक घरामागे परसू, त्यापलीकडे सामाईक शेते. १३४८-४९ मध्ये 'ब्लॅक डेथ' नावाच्या महामारीने इंग्लंडची माणसे झोडपून काढली. कितीतरी दिवस लोक समजत, की अशी सगळी गावे त्या साथीनेच ओस पडली. पण वॉरम त्या साथीतून वाचले होते. १३६८ साली तिथे सुमारे तीस घरे नांदती होती. गाव मेले ते त्यानंतर, आणि रोगाने नव्हे.

त्या काळी इंग्लंडच्या लोकरीला सोन्याचे मोल होते. लंडनच्या उमराव-सभेत आजही अध्यक्ष लोकर भरलेल्या बैठकीवर बसतात, यावरून त्या धनाची कल्पना यावी. साथीनंतर मजूर मिळेनात, धान्याला भाव येईना. जमिनीच्या मालकांनी हिशेब केला. शंभर माणसांनी नांगरायची जमीन गवताला सोडली, तर एक-दोन गुराख्यांवर भागते आणि लोकरीचे रोख पैसे येतात. मग काय! कुळे उठवायची, घरे पाडायची, कुंपण घालायचे आणि मेंढ्या सोडायच्या. वॉरम तोवर हिल्टन घराण्याकडे गेले होते. १५१७ साली सरकारने अशा कुंपणबंदीची चौकशी केली, तेव्हा नोंद झाली ती अशी, की वॉरम पर्सी येथे चार नांगर बंद पडले आणि चार घरे मोडली. इसवी सन १५०० च्या सुमारास ती शेवटची चार घरे उठली. थॉमस मोर या विद्वानाने १५१६ सालच्या आपल्या 'युटोपिया' या ग्रंथात या मेंढ्यांच्या कुरणांवर कडाडून टीका केली आहे. सेमिनारला असे नाव सांगितले, की वजन पडते, हे मी तोवर शिकलो होतो.

पण त्या पुस्तकात मला सर्वांत जास्त कशाने धरून ठेवले असेल, तर ते गाव शोधणाऱ्या माणसांनी. मॉरिस बेरेसफर्ड हे लीड्स विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवीत. जुने नकाशे, करांच्या याद्या आणि गवतावरचे उंचवटे यांची सांगड घालीत ते हरवलेली गावे शोधत फिरत. १९४८ साली ते वॉरमला पोहोचले आणि १९५० साली त्यांनी तिथे खणायला सुरुवात केली. लवकरच जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ त्यांना येऊन मिळाले. एकाच्या हाती कागद, दुसऱ्याच्या हाती कुदळ. तेव्हापासून १९९० पर्यंत, दर उन्हाळ्यात, ही मंडळी विद्यार्थी आणि हौशी माणसे गोळा करून तिथे जात राहिली. चाळीस वर्षे! तिथे राजाचा खजिना नव्हता की लढाईचे मैदान नव्हते. ती चाळीस वर्षे खर्ची पडली ती साध्या कुळांची घरे खणण्यात. इंग्लंडमध्ये अशी ओस पडलेली सुमारे तीन हजार मध्ययुगीन गावे आता ठाऊक झाली आहेत, आणि ती कशी अभ्यासावी हे पुष्कळ अंशी वॉरमने शिकवले.

आजवर मला इतिहास म्हणजे राजे, तह आणि सनावळ्या एवढेच वाटे. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचा कसला आलाय इतिहास, असे मी मनात धरून चाललो होतो. या लोकांनी मात्र न लिहिणाऱ्यांचे लिहिलेले वाचून दाखवले.

कसे, ते सांगतो. त्या घरांचा तळ खडूच्या दगडांचा होता. भिंती पुन्हा पुन्हा बांधलेल्या आढळल्या. आधी अभ्यासकांना वाटले, की ही घरे इतकी तकलादू होती, की बापाचे घर लेकाला पुरत नसे. पुढे उमगले, की छपराचा भार वाकड्या लाकडांच्या जोड्यांवर होता. भिंत नुसती आडोशाला, पडली की नवी घालायची. हे वाचून मला हसू आले. आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुताराला विचारले असते, तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते, की घर मेढींवर उभे असते, भिंतीवर नाही!

घरांतून कुलपे आणि किल्ल्या सापडल्या. म्हणजे चोरीला जावे असे काहीतरी त्या गरिबांपाशीही होते. पण घरातल्या जमिनीवर वस्तू फारशा मिळाल्या नाहीत. का? तर ती जमीन रोज झाडून झाडून मधोमध खोलगट झाली होती. पाच-सातशे वर्षांपूर्वीच्या कुण्या बायकांच्या केरसुणीने पाडलेला खळगा! तलवारीने पडलेल्या खुणा मी पुष्कळ वाचल्या होत्या. केरसुणीची खूण इतिहासात पहिल्यांदाच वाचली.

चर्चभोवतीच्या दफनभूमीतून जवळजवळ सातशे सांगाडे निघाले. हाडेही बोलली. तिथली चौदा वर्षांची मुले आजच्या दहा वर्षांच्या मुलांएवढीच उंच होती, इतकी त्यांची उपासमार आणि दुखणी. आया मुलांना दीड वर्षापर्यंत अंगावर पाजीत. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका चाळिशीच्या माणसाच्या कवटीवर जबर घाव बसला होता. कोणीतरी त्या जागचे हाड काढून त्याच्यावर शस्त्रक्रिया केली होती, आणि ती जखम भरूनही आली होती. साधा गावकरी तो. त्याच्यावर इतके नाजूक उपचार करणारे हात तिथपर्यंत पोहोचले होते, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो.

आता त्या चर्चविषयी. सेंट मार्टिनच्या नावाचे ते चर्च म्हणजे त्या गावाची खानेसुमारीच आहे. त्याच्या पायाखाली खणले, तेव्हा आधी एक लहानसे लाकडी देवघर होते असे दिसले. तेही सुमारे दहाव्या शतकातले. मग त्या जागी छोटे दगडी चर्च झाले. पुढे मोठे झाले, बुरूज आला. माणसे वाढली, तसे बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेची भिंत फोडून कमानी काढल्या आणि पलीकडे एक ओवरी जोडली. तेराव्या शतकात उत्तरेलाही तसेच केले. चौदाव्या शतकात एका कोपऱ्याला छोटे प्रार्थनागृह जोडले. आणि मग उलटा प्रवास सुरू झाला. गाव ओस पडत गेले, तशा त्या ओवऱ्या पाडल्या. कमानी तशाच ठेवून त्यांच्या पोकळीत दगड रचून भिंत केली. पुढे वेदीकडचा भागही आखूड करण्यात आला. आज ते पडके चर्च पाहणाऱ्याला भिंतीत त्या बुजवलेल्या कमानी स्पष्ट दिसतात. या दारांतून एके काळी माणसे आत मावत नसत, हे भिंतच सांगते.

गाव उठले तरी चर्च चालू राहिले, हे त्याहून नवल. वॉरमच्या धर्मक्षेत्रात पाच वस्त्या होत्या. वॉरम पर्सी, रेस्थॉर्प, बर्डेल, टाउथॉर्प आणि थिक्सेनडेल. पहिल्या चारही ओस पडल्या. उरले एकटे थिक्सेनडेल, तीनेक मैल दूर. तिथली माणसे टेकड्या तुडवीत या निर्जन दरीत येत. लग्नाला येत, मुलांच्या बाप्तिस्म्याला येत आणि खांद्यावर मयत घेऊनही येत. चर्चला गाव नव्हते. पण त्याच्या भोवती नवी थडगी पडतच होती. अशी साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. १८७० साली थिक्सेनडेलला स्वतःचे चर्च झाले आणि ही वर्दळ ओसरली. वॉरमच्या चर्चमधली शेवटची प्रार्थना १९४९ साली झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी बेरेसफर्ड कुदळ घेऊन आले, आणि १९५९ साली बुरुजाचा अर्धा भाग कोसळला. उरलेला अर्धा बुरूज उभा चिरलेल्या ओंडक्यासारखा आजही आहे.

सेमिनारच्या दिवशी मी हे सगळे सांगितले. बरे झाले असावे, कारण बाई मान डोलावत होत्या. शेवटी जरा जोर आणून मी म्हणालो, "अशा रीतीने मेंढ्यांनी माणसांची गावे खाल्ली." मागच्या बाकावर माझ्या गावाकडचा एक मित्र बसला होता. तो हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आता तुझ्या बापाच्या मेंढरांना सांग, आमचं गाव तेवढं सोडा म्हणावं!" वर्ग खळखळून हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मीही हसलो. पण 'शेती' हा शब्द ज्यासाठी लिहिला होता, ते सगळे त्या एका क्षणात वाहून गेले. त्या दिवशी मी डबा न खाता खोलीवर परतलो.

नाताळच्या सुटीत मोबाइलवर आबांना विचारले, वाडा कुठे आहे. घाटाच्या अलीकडे एका बागायतदाराच्या शेतात बसला होता. शेतात रात्री मेंढरे बसवली, की लेंड्यामुताचे खत होते. त्याबदली मालक धान्य देतो, कधी पैसे देतो. मी पोहोचलो तेव्हा सांज झाली होती. आबा जाळ्याची वाघर लावून मेंढरे आत घेत होते. आई तीन दगडांच्या चुलीभोवतीची जागा झाडत होती.

ती जागा दोन दिवसांपूर्वी कोणाची तरी वावर होती आणि दोन दिवसांनी पुन्हा वावरच होणार होती. तरी आई कोपरान्‌कोपरा झाडीत होती. मला वॉरमच्या बायका आठवल्या. त्यांच्या घरात खळगा पडला, कारण त्या एका जागी राहिल्या. आईच्या हाताला त्यांच्याइतकाच जोर आहे. पण जमिनीला खळगा पडायला पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहावे लागते. उद्या आमचा वाडा खणायला कोणी आले, तर त्यांना तीन काळे दगड आणि चिमूटभर राख तरी सापडेल का?

जेवणे झाल्यावर शेकोटीशी मी आबांना सगळी हकिकत सांगितली. वर्गातले हसणे तेवढे गाळले.

"आबा, विलायतेत मेंढरांपायी एक गाव उठलं."

"मेंढरांपायी?" आबांनी विडी बाजूला धरली. "मेंढरं कुणाची व्हती?"

"मालकाची. सरदार होता मोठा."

"आन् राखायला?"

"असतील एक-दोन गडी."

"मंग मेंढरांपायी कसं रं उठलं? मालकापायी उठलं म्हण की. मेंढरू बिचारं हाकलशील तिकडं जातंय. त्याला कुणाचं गाव कळतंय व्हय?"

मी गप्प झालो. शब्दकोश घेऊन दोन महिने बसलो होतो, आणि वर्गापुढे नेमके हेच चुकीचे सांगून आलो होतो. चौकशीच्या नोंदीत तर स्पष्ट होते, की नांगर बंद पाडणारा जमिनीचा मालक होता. मेंढीचे नाव पुढे केले, की माणूस मागे लपतो. त्या चार घरांना उठवणाऱ्या सरदारांत आणि लोकांच्या बांधाबांधाने 'आज हितनं ऊठ, उद्या तितनं ऊठ' ऐकत चाललेल्या माझ्या आबांत मेंढीखेरीज काहीच सारखे नव्हते. आबा उठवणाऱ्यांतले नव्हते. ते उठणाऱ्यांतले होते. मी उगीचच शरमलो होतो.

मोबाइलवर मी त्यांना चर्चचे चित्र दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. मग बोट ठेवून विचारले, "ही कमान बुजवलीय का?"

मी सांगितले, की माणसे कमी झाली तशी भिंत आत घेतली.

"आस्सं," आबा म्हणाले. "वाडा कमी झाला की आपुन वाघर आत घेतो, तसं."

ते सहज बोलून गेले. पण मी वाघरीकडे पाहिले. चांदण्यात मेंढरे दाटीने बसली होती. मी चौथीत असताना ही वाघर केवढी तरी मोठी पडे. तेव्हा आमची तीनशे मेंढरे होती. आता सव्वाशे उरली आहेत. चुलत्याने आपल्या वाटणीची विकली आणि तो पुण्याला वॉचमन झाला. चराऊ जागा कमी झाल्या. लोकरीला तर असा भाव आला आहे, की कातरणीची मजुरीसुद्धा अंगावर पडते. ज्या लोकरीसाठी तिकडे गावे उठवली, ती इकडे कोणी फुकट नेईना! आणि माझे काय? माझ्या पहिल्या वर्षाची फी आणि खोलीचे डिपॉझिट मिळून तीन मेंढ्या गेल्या. या वर्षी दोन. आबांनी त्याचा उच्चार कधी केला नाही. पण वाघर आत आत येते आहे, त्यात चार हात माझेही आहेत. वॉरमच्या कमानी मालकाच्या लोभाने बुजल्या. आमच्या वाघरीची एक बाजू मी माझ्या शिक्षणाने आत घेतली आहे. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला कळते. पण भिंतीत दगड बसला, की तो कोणत्या कारणाने बसला हे कमानीला कुठे ठाऊक असते?

मी आबांना म्हणालो, "मी पण गेलो की हो वाड्यातनं."

त्यांनी शेकोटीत काटकी सारली. म्हणाले, "शिकायला गेलास. त्याला जाणं म्हणत न्हाईत. वाट इसरली म्हंजी गेला."

वाट! थिक्सेनडेलची माणसे माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यांचे सगळे शेजारी उठून गेले होते. त्या दरीत त्यांचे कोणी नांदत नव्हते. तरी साडेतीनशे वर्षे त्यांनी ती तीन मैलांची वाट मोडू दिली नाही. ते चर्च पडायला इतकी वर्षे लागली, ती दगडांच्या मजबुतीमुळे नव्हे. कोणीतरी तिथे चालत येत होते, म्हणून.

त्या रात्री घोंगडीत पडल्या पडल्या मी आबांना विचारले, "आबा, आपल्या वाटेवरच्या मुक्कामांची नावं सांगा बरं." ते सांगू लागले. अमक्याची विहीर, तमक्या ओढ्याचा आंबा, बिरोबाचा माळ, जिथे माझा जन्म झाला ते वावर, जिथे आजोबांना वाटेतच मूठमाती दिली तो बांध. आजोबांच्या नावाचा तिथे एक दगड होता. दर साली जाता-येता आबा त्याला भंडारा लावीत. रस्ता रुंद झाला, तेव्हा तो दगड कुठे गेला, कळले नाही. तरी तिथे आले, की आबा अजून क्षणभर थांबतात आणि भंडारा नुसताच जमिनीवर टाकतात. हे मला ठाऊक होते. पण त्याचा अर्थ त्या रात्री लागला.

सुटी संपवून परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. त्यातल्या 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'मेंढपाळ' असे लिहिले. मागे रांग होतीच; पण या वेळी पेन थबकले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दोनशे पानी एक वही आणली. तिच्यात आमच्या वाटेचे मुक्काम क्रमाने लिहायला घेतले आहेत. कोणाची जमीन, पाणी कुठले, किती रात्री बसतो, कोण धान्य देतो, कोण हाकलतो, कुठे कोण जन्मले, कुठे कोण ठेवले. आठवड्यातून एकदा आबांना फोन करतो. ते मेंढरांमागे चालता चालता सांगतात, मी लिहून घेतो. मधेच "हिर्रर्र" अशी हाक ऐकू येते आणि वाक्य अर्धे राहते. मग मी तेवढी जागा मोकळी सोडतो.

आतापर्यंत एकोणतीस मुक्काम झाले आहेत. आबा म्हणतात, अजून निम्मेसुद्धा झाले नाहीत.